निनावी इंजिनाचे कूळ

जुन्या घराच्या माळ्यावरून हातभर लांबीचे, पितळ-तांब्याचे वाफेचे इंजिन खाली येते. त्यावर कारखान्याची पट्टी नाही, कर्त्याचे नाव नाही. घरच्यांना ठाऊक असते ते एवढेच, की ते आजोबांच्या वेळचे आहे. अशा इंजिनाचे कूळ शोधायचे तरी कसे?

पहिली साक्ष चाकांमधील अंतराची. इंग्लंडमधील हौशी कारागिरांत २½, ३½, ५ आणि ७¼ इंच ही मापे रूढ झाली. अमेरिकेत पाचाच्या जागी पुष्कळदा ४¾ भरतात.

भारतीय इंजिनांच्या प्रतिकृतींत हा हिशेब विशेष रंजक ठरतो. फुटाला पाऊण इंच, म्हणजे मूळच्या सोळावा हिस्सा, हे लोकप्रिय प्रमाण. त्या प्रमाणात इंग्लंडचा ४ फूट ८½ इंचांचा मार्ग सुमारे ३½ इंचांचा होतो. मात्र १८५३ साली मुंबई-ठाणे मार्गावर अवतरलेला ५ फूट ६ इंचांचा मार्ग होतो ४⅛ इंचांचा, आणि तो वरच्या कोणत्याच मापात बसत नाही. तेव्हा ४⅛ भरले, तर कर्त्याच्या डोळ्यांसमोर भारतीय ब्रॉडगेज असण्याचा संभव मोठा. (अर्जेंटिनातही तेच गेज आहे, हे विसरू नये!) मीटरगेज मात्र फसवे. त्याचा सोळावा हिस्सा २.४६ इंच, म्हणजे जवळजवळ इंग्लिश २½. अशा वेळी देहाची रुंदी पाहावी: चाकांच्या मानाने अंग फारच रुंद असेल, तर मूळ इंजिन मीटरगेजचे असू शकते, १८९५ साली अजमेरच्या कारखान्यात बांधलेल्या एफ-७३४ सारखे.

दुसरी साक्ष स्क्रूच्या आट्यांची. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, बारीक कामासाठीच्या बी.ए. आट्याचा ४७½, अमेरिकी आणि मेट्रिक आट्यांचा ६०. भिंगाखाली हा फरक दिसतो आणि कारागिराच्या हाती कोणत्या देशाची हत्यारे होती ते कळते. पण येथे घाई घात करते. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. तसा एक स्क्रू सापडला म्हणून सारे इंजिन त्या काळाचे ठरत नाही. तो दुरुस्ती करणाऱ्याचाही असेल. सर्वांत नवा भाग शेवटच्या हाताची तारीख सांगतो, पहिल्या हाताची नव्हे.

खरी गुंतागुंत पुढे आहे. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज कारागिराचे ‘आयेशा’ हे २½ इंची, कोळशावर चालणारे चिमुकले इंजिन १९२४ च्या सुमारास गाजले. एवढ्या लहान इंजिनात खरा कोळसा जाळून माणूस ओढता येतो, हे त्याने दाखवून दिले. पुढे दशकानुदशके त्याचे आराखडे ‘मॉडेल इंजिनिअर’ नियतकालिकातून क्रमशः येत राहिले. ओतीव भाग विकत मिळत. परिणामी एकाच आराखड्याची इंजिने कितीतरी अनोळखी हातांनी घडली. आराखडा ओळखणे म्हणजे कर्ता ओळखणे नव्हे. तरीही विक्रीच्या वेळी मोठे नाव चिकटवण्याचा मोह होतो, आणि कुण्या लोहाराचे, फिटरचे वा शिक्षकाचे कित्येक वर्षांच्या संध्याकाळींचे काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. त्यापेक्षा ‘कर्ता अज्ञात’ ही नोंद कितीतरी प्रामाणिक.

त्याचा हात शोधायचा तर आराखड्यापासून तो कोठे ढळला ते पाहावे: जास्तीचा रिव्हेट, बदललेली चिमणी, चौकटीच्या आतल्या अंगाला पंचने ठोकलेली जोडखूण. घरात जपलेली वही किंवा छायाचित्र मिळाले, तर सोन्याहून पिवळे.

आणि कूळ कळेपर्यंत बॉयलर पेटवू नये. कथलाचा डाख १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो, चांदीचा सहाशेच्या वर. बाहेरून दोन्ही रंगाखाली झाकलेले असतात. म्हणून जाणकार प्रथम बॉयलरमध्ये गार पाणी गच्च भरतात आणि हातपंपाने कामाच्या दुप्पट दाब देऊन सांधे पाझरतात का ते पाहतात.