शिकोकूहून दोन पत्रे

पत्र पहिले
नानकोकु, कोची प्रांत, जपान

तीर्थरूप नानांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी आलो आहे ती कोची केरळातली नव्हे, जपानच्या शिकोकू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरची, एवढे आईस प्रथम सांगावे. नाही तर ती खोबरेल तेल मागवावयाची.

समुद्राच्या तळाशी छिद्र पाडून वर काढलेल्या चिखलाच्या आणि खडकाच्या दंडगोलांना ‘कोर’ म्हणतात, आणि ते जतन करणारे येथील कोठार कोची विद्यापीठ व ‘जॅमस्टेक’ ही सागर-संशोधन संस्था मिळून चालवितात. आंतरराष्ट्रीय उत्खनन-मोहिमांच्या कोरांची जगात तीन मुख्य कोठारे आहेत: अटलांटिक आणि उत्तर ध्रुवाकडील समुद्रांचे जर्मनीतील ब्रेमेन येथे, पॅसिफिकच्या बऱ्याचशा भागाचे अमेरिकेतील टेक्सासमध्ये, आणि हिंदी महासागर व पश्चिम पॅसिफिकचे येथे. तेव्हा मुंबईसमोरच्या समुद्राच्या तळाचा इतिहास ज्याला वाचावयाचा असेल, त्याला शिकोकूच्या भातखाचरांतून वाट काढीत यावे लागते, किंवा निदान येथे अर्ज तरी करावा लागतो.

पत्र दुसरे

आपली उभी हयात मोजणी खात्याच्या दप्तरात गेली, म्हणून आज या कोठाराचे वर्णन मुद्दाम तपशिलाने लिहितो.

चार अंश उष्णतामानाच्या विस्तीर्ण दालनात छतापर्यंत फडताळे, आणि त्यांवर नळकांड्यांच्या रांगा. जहाजावर सुमारे साडेनऊ मीटर लांबीचा कोर वर येताच त्याचे दीड-दीड मीटरांचे खंड पाडतात. वरच्या टोकास निळे झाकण, खालच्या टोकास रंगहीन, आणि मधला तुकडा काढून घेतला असल्यास त्या ठिकाणी पिवळे. वर-खाली यांची अदलाबदल झाली तर लाखो वर्षांचा क्रमच उलटतो, म्हणून ही खबरदारी. मग प्रत्येक खंड उभा चिरून त्याचे दोन अर्ध करतात. एक ‘कार्यार्ध’: अर्ज मंजूर झाला की यातून नमुना काढावयाचा, कोणत्या छिद्रातला, कितवा खंड, कोठपासून कोठपर्यंत किती सेंटिमीटर, हे सारे नोंदीस रुजू करावयाचे. दुसरा ‘संग्रहार्ध’: त्याची छायाचित्रे घ्यावयाची, यंत्राखालून न्यावयाचा, पण सहसा त्याला कोरावयाचे नाही. येथल्या व्यवस्थेतले खरे शहाणपण मला या दुसऱ्या अर्धात दिसते, कारण तो ज्यांच्यासाठी राखला आहे त्यांचे प्रश्न अद्याप कोणास सुचलेलेही नाहीत. ‘ग्लोमार चॅलेंजर’ या उत्खनन-जहाजाने १९७२ साली अरबी समुद्रातून उपसलेले कोर त्या काळी कोणाच्या कल्पनेतही नसलेल्या यंत्रांखाली आज ठेवता येतात, ते याचमुळे.

आपल्या किनाऱ्याचा ताजा ऐवज मात्र २०१५ चा. त्या वर्षी ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ हे जहाज कोलंबोहून निघून मुंबईस पोहोचले आणि वाटेत, साडेतीन किलोमीटरांहून खोल पाण्याखाली, त्याने तळाचा हजार मीटरांहून अधिक भेद केला. त्या मोहिमेचे एक प्रमुख धनंजय पांडे हे आपल्याकडचेच शास्त्रज्ञ. सिंधू नदीने हिमालयातून वाहून आणलेल्या गाळाच्या मध्येच तेथे तीनशे मीटरांहून जाड असा एक विस्कळीत थर लागला: कोटीभर वर्षांपूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्याकडून समुद्रात कोसळलेल्या एका प्रचंड दरडीचा. तिला शास्त्रज्ञांनी नटराजाचे नाव दिले आहे.

मोहिमेवर गेलेल्या मंडळींस या ऐवजावर एक वर्षाचा अग्रहक्क. त्यानंतर कोणत्याही देशाच्या संशोधकाने सकारण अर्ज करावा. नमुन्याचे मूल्य घेत नाहीत. अट एवढीच की निष्कर्ष प्रसिद्ध झाला पाहिजे. पुण्याचे पेशवे दप्तर किती काळ कुलपात राहिले आणि रियासतकार सरदेसायांच्या हातून त्याचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात बाहेर पडेपर्यंत आपल्या अभ्यासकांना किती तिष्ठावे लागले, हे आपणच मला सांगितले आहे. दप्तर राखणे आणि दप्तर अडविणे यांतला भेद येथील कारभाऱ्यांस पुरता कळलेला दिसतो.

जॉइडीस रेझोल्यूशनची उत्खननसेवा २०२४ साली संपली, त्यामुळे फडताळांवर जे आहे त्याचेच मोल आता वाढणार. पुण्यास भूशास्त्र शिकणाऱ्या आपल्या नातवास हे पत्र दाखवावे, आणि जहाजाची वाट न पाहता प्रश्न नीट मांडून अर्ज लिहावयास बसवावे.

आपला आज्ञाधारक,
माधव