डोहाळजेवणाची पैठणी : विकतची कीं भाड्याची?

गर्भवतीच्या वेषाविषयीं एका वृद्ध शिक्षकानें लेखणी उचलावी, हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. परंतु एकत्र कुटुंबांत जमाखर्चाची वही ज्याच्या हातीं असते, त्याच्यापर्यंत घरांतील प्रत्येक प्रश्न केव्हां ना केव्हां येऊन पोंचतोच. गेल्या फाल्गुनांत आमच्या घरीं हा प्रश्न आला, तो वहीबरोबर मनुस्मृतिही उघडावयास लावून गेला.

आमचें घर मालवण तालुक्यांत, आचऱ्याच्या वाटेवर. धाकटी सून कुडाळास एका बँकेंत नोकरीस आहे. तिला सातवा महिना लागला आणि डोहाळजेवणाचा बेत ठरला. हिरवी पैठणी माहेरून यावयाची, अशी आमच्याकडील जुनी वहिवाट. एके दिवशीं सूनबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, मला पैठणी भाड्यानें आणावयाची आहे. कुडाळास एका दुकानांत मिळते. आमचे अण्णा पैठणीसाठीं मुदतठेव मोडावयास निघाले आहेत, आणि ते पैसे धाकट्या भावाच्या फीसाठीं ठेवलेले आहेत. मीं नको म्हटलें तर त्यांना वाईट वाटेल. तुम्हीं सांगितलेंत तर ऐकतील."

मागणी सरळ होती. पण घरांत आमच्या काकू आहेत. वय पंचाऐशीं, ऐकूं कमी येतें, तरी ऐकावयाचें तेवढें बरोबर येतें. त्या म्हणाल्या, "परक्या बाईच्या अंगावरचें वस्त्र गर्भारशीनें नेसूं नये. अरे, तूं जन्मभर संस्कृत शिकवलेंस. शास्त्र काय म्हणतें तें तूंच सांग."

शास्त्रांत तसें वचन आहे, हें खरें. मनुस्मृतीच्या चवथ्या अध्यायांत स्नातकाचीं व्रतें सांगतांना, दुसऱ्यानें वापरलेले जोडे, वस्त्र, यज्ञोपवीत, अलंकार, पुष्पमाला आणि कमंडलु धारण करूं नयेत, असें म्हटलें आहे. मीं तें अर्थासह सांगितलें तेव्हां काकूंची मुद्रा प्रसन्न झाली. परंतु त्याच यादींत अलंकारही आहे, हें दाखवितांच ती प्रसन्नता किंचित् ओसरली. कारण आमच्या वाडींत एकच मोत्यांची नथ तीन घरांतील नवऱ्या मुलींच्या नाकांत मिरवून आलेली सर्वांस ठाऊक आहे, आणि ती नथ मूळची काकूंचीच! वस्त्राला विटाळ आणि सोन्याला नाहीं, हा भेद लोकांचा आहे. मनूच्या त्या श्लोकांत तो नाहीं. शिवाय पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धि सांगतांना रेशमी व लोकरी वस्त्रें खाऱ्या मातीनें आणि कांबळीं रिठ्यानें शुद्ध होतात, असें मनूच सांगतो. वस्त्र शुद्ध होऊं शकतें हें शास्त्रास मान्य आहे. दुकानदारानें तें खरोखर शुद्ध केलें आहे कीं नाहीं, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तो ग्रंथापेक्षां नाकानेंच सोडवावयाचा आहे.

तथापि काकूंच्या आक्षेपाच्या पोटीं एक खरी गोष्ट होती. ओटी हें दान आहे. देणाऱ्याचें स्वत्व सुटावें आणि घेणाऱ्याचें स्वत्व उत्पन्न व्हावें, म्हणजे दान पुरें होतें, ही धर्मशास्त्राची व्याख्या. भाड्याच्या वस्तूवर देणाऱ्याचेंच स्वत्व नाहीं; मग तो सोडणार काय? तेव्हां भाड्याची पैठणी ओटींत घालतां यावयाची नाहीं, असें मीं स्पष्ट सांगितलें. ओटीला खण, नारळ, तांदूळ आणि हिरव्या बांगड्या हव्यात, व त्या माहेरच्याच हव्यात; पण खणासाठीं कोणाला ठेव मोडावी लागत नाहीं. ओटींतलें वस्त्र हें दान आणि अंगावरचें वस्त्र हा शृंगार. या दोहोंची आपण गांठ मारून ठेवली, आणि त्या गांठींत मुलीचे बाप अडकले.

व्याह्यांस मीं त्याच संध्याकाळीं फोन केला. म्हटलें, "आमच्या घरीं यंदापासून ओटीला खणच घ्यावयाचा ठरला आहे, आणि हा नियम पुढें आमच्या मुलींच्या सासरींही आम्ही कळविणार आहों." पलीकडे थोडा वेळ कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग ते म्हणाले, "बरें तर. खण मी स्वतः निवडून आणतों." आणि त्यांनीं आणलेला गुळेदगुड्डचा खण असा सुरेख होता कीं, काकूंनीं तो दोनदां उलगडून पाहिला.

भाड्यावर काकूंचा रोष मात्र गेला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या डोहाळजेवणांत, 1962 सालीं, त्या शेजारणीचा शालू नेसल्या होत्या. हें त्यांनींच सांगितलें आणि वर म्हणाल्या, "तो उसना होता, भाड्याचा नव्हे!" या भेदावर मीं बराच विचार केला. शालू देणारी शेजारीण जेवावयास आली होती, तिनें स्वतः निऱ्या बसविल्या होत्या. दुकानदार कांहीं निऱ्या बसवावयास येत नाहीं. हें नुकसान आहेच. पण उसनें आणलेलें वस्त्र परत गेल्यावरही त्याचें बोलणें घरांत राहतें, हेंही मी पाहिलें आहे. "आमचाच शालू होता हो तो," हें वाक्य वीस वीस वर्षें टिकतें. भाडें चुकतें केलें कीं बोलणें संपलें.

आणि खरेदी तरी कशासाठीं करावयाची? येवल्याच्या हातमागावर खरी पैठणी विणावयास कित्येक आठवडे, नक्षी भरगच्च असली तर कित्येक महिने लागतात. तिची किंमत भारी असते आणि ती रास्तच आहे. पण तीच पैठणी आमच्या किनाऱ्यावर ट्रंकेंत चार पावसाळे काढते तेव्हां दमट हवेनें जर काळवंडते, रेशमाला बुरशी धरते आणि घडी जिथल्या तिथें विरते. विणकराच्या श्रमांचा उपयोग दहाजणींनीं करावा हें बरें कीं एकीनें कुजवावा हें बरें?

गर्भारपणाचे वेगळे कपडे ही गोष्टच मुळीं नवी आहे. आमच्या आयांना तीं लागत नसत, कारण नऊवार लुगडें पोटाबरोबर आपोआप सैल होतें आणि पुढें गांठ मारण्याची चोळी जशी बांधावी तशी बसते. शिवलेले कपडे आले आणि अडचण आली. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें लेना ब्रायंट नांवाच्या एका विधवेनें 1904 च्या सुमारास गर्भवतींसाठीं खास पोशाख शिवावयास आरंभ केला. त्याची जाहिरात छापावयास तेथील वर्तमानपत्रें कित्येक वर्षें लाजत होतीं. आपल्याकडे 2017 च्या दुरुस्तीनें प्रसूतीची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. पण तींतील आठच आठवडे प्रसूतीपूर्वीं घेतां येतात. म्हणजे सातव्या महिन्यापर्यंत सूनबाईस बँकेच्या काउंटरमागें बसावयाचें, आणि तेंही नीटनेटकें. चारपांच महिन्यांपुरता हा वेष. त्यांत पैसा पुरून काय साधणार?

नटण्याविषयीं म्हणावें तर कालिदासानें रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत गर्भवती सुदक्षिणेचें वर्णन केलें आहे तें पाहावें. शरीराच्या थकव्यामुळें तिच्यानें सगळे अलंकार घालवत नाहींत. थोडक्याच दागिन्यांनीं ती, मोजकीं नक्षत्रें उरलेल्या पहांटेच्या रात्रीसारखी दिसते. जडजवाहिरांनीं वांकलेली गर्भवती त्या रसिकाला सुचली नाहीं. म्हणून दुकानदार पैठणीबरोबर कापडी फुलांच्या दागिन्यांचा संचही देऊं लागला, तो मीं परत करविला. फाल्गुनांत आमच्याकडे सुरंगी फुललेली असते, दारांत अबोली असते. असें असतां कापडाच्या फुलांची वाडी घालावयाची हें माझ्या बुद्धीस पटेना. बायकांनीं सुरंगीची वाडी गुंफली. तिच्या वासानें काकूही झोपाळ्याजवळून हलल्या नाहींत.

ज्यांच्या घरीं असा प्रसंग येणार असेल त्यांनीं थोडें पाहून घ्यावें. वस्त्र दिवसा उजेडांत उलगडून डाग, उसवण व टांचण्यांचीं भोकें दुकानदारादेखत दाखवावीं, नाहींतर अनामत परत मिळतांना वाद होतो. डांबरगोळ्यांचा वास असेल तर घेऊं नये. गर्भवतीस तो सहन होत नाहीं. साडी भाड्याची चालेल, पोलकें स्वतःचेंच असावें, आणि तेंही सुती अस्तराचें. आमच्या किनाऱ्यावरील घामांत नुसती जर अंगाला ओरबाडते. शिवलेली नऊवारी आणली तर कमरेस नाडी आहे कीं हूक, तें आधीं पाहावें. हूक असल्यास परत करावी. निरांजनें ओंवाळतांना पदर दुसऱ्या कोणीतरी धरावा.

बँकेसाठीं लागणारे सैल कुर्ते आम्हीं भाड्यानेंही आणले नाहींत. थोरल्या लेकीनें पुण्याहून आपले सहा कुर्ते धुऊन, इस्तरी करून पाठविले. सूनबाईची प्रसूति वैशाखांत सुखरूप झाली, मुलगी झाली. ते कुर्ते आतां कणकवलीस माझ्या पुतणीकडे गेले आहेत. त्यांतील निळ्याचें एक बटण तुटलें होतें, तें काकूंनीं चष्मा लावून स्वतः बसवून दिलें.