गालाला लावलेला मणी

बेळगावच्या कॅम्पात पाऊस लागला की आमच्या कौलारू घरात काहीच धड सुकत नाही. रेशीम तर नाहीच. दमट रेशमावर मारलेली गाठ पुढं उन्हाळ्यात ढिली निघते, म्हणून जूनपासून माझी दोऱ्याची रिळं तांदळाच्या डब्यात मुक्कामाला.

मी खड्यांची ब्रेसलेटं करते. खरं तर गाठवते. शब्द पटवेकऱ्यांचा. लहानपणी आईची पोवळ्यांची माळ ज्यांच्याकडं गाठवायला द्यायचो, ते आजोबा दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून बसायचे. मीही तशीच बसते. टेबलाला चिमटा लावून पाहिला. अंगठ्यासारखा ताण काही येईना.

आठ मिलिमीटरचे बावीस-तेवीस मणी, दर मण्यामागं एक गाठ. इलॅस्टिकमध्ये ओवलं तर दहा मिनिटांत होतं, गाठवायला दीड तास. पण दोरा तुटला तर एखादाच मणी घरंगळतो. शिवाय मणी एकमेकांना घासत नाहीत, आणि घासणं हेच खड्यांचं मोठं दुखणं. स्फटिक, अकीक, जांभळा ॲमेथिस्ट, इतकंच काय बांधावरची गारगोटी, सगळी एकाच कुळातली. कठीणपणाच्या मोजपट्टीवर ७ च्या आसपास. मोती-पोवळ्याचा जेमतेम ३-४. स्फटिकाला खेटून मोती बसवला की त्याची झिलई गेलीच म्हणून समजा.

गिऱ्हाईक मात्र गाठ बघत नाही. मणी उजेडात धरतं आणि विचारतं, "ओरिजिनल आहे ना?"

लाल अकीक घ्या. गुजरातेत रतनपूरच्या खाणीतून निघतो तेव्हा तो मळकट, तपकिरी असतो. खंभातचे कारागीर तो उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद धगीवर भाजतात. दगडातलं लोह तापलं की लाली चढते. लोथलला चार हजार वर्षांपूर्वीचा मण्यांचा कारखाना सापडला, तिथंही हेच चालायचं. म्हणून मी सांगते, "दगड खरा, रंग भाजून आणलेला." निम्मी माणसं तिथंच मणी खाली ठेवतात. आमच्या बेळगावच्या कुंद्याचा रंगही दूध आटवून आटवूनच येतो, त्याला कुणी नकली म्हणत नाही!

रंगात बुडवलेल्याची गोष्ट वेगळी. पहिल्याच वर्षी मी फिरोज्याचं एक ब्रेसलेट विकलं. आठ दिवसांत त्या बाई परत आल्या. पांढऱ्या ब्लाऊजची बाही निळी. तो फिरोजा नव्हताच. हौलाइट नावाचा पांढरा, रंग पिणारा दगड होता. ब्रेसलेटचे पैसे दिले, ब्लाऊजचेही दिले. तेव्हापासून नवा माल आला की नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा आधी मण्यावर फिरतो.

काच ओळखायला तेवढंही लागत नाही. मणी गालाला लावायचा. स्फटिक बराच वेळ गार राहतो, काच लगेच कोमट होते. राशीचं विचारलं तर मी सांगू शकत नाही. गालाला कळतं तेवढंच सांगते.

गेल्या श्रावणात मराठा सेंटरमधला एक जवान आला. रुमालात तेवीस मणी, तुटलेला दोरा. स्फटिकाचं ब्रेसलेट, आईनं दिलेलं. सवयीनं एकेक मणी गालाला लावत गेले. चार काचेचे निघाले. मधे कधीतरी कुणीतरी भरती केली असणार. सांगावं म्हणून मान वर केली, तर तोच म्हणाला, "ताई, दोरा तेवढा पक्का घाला. सोमवारी निघायचंय."

तांदळाच्या डब्यातून कोरडं रीळ काढलं. काच स्फटिकापेक्षा मऊ, शेजारी राहून ओरखडणार. म्हणून त्या चार मण्यांच्या दोन्ही अंगांना गाठ जरा मोठी मारली.