अर्धांगवायु आणि चुंबकाचा उपचार

अर्धांगवायूनें हात ‘गेला’ असें आपण म्हणतों. वस्तुतः हात जागच्या जागींच असतो. हाडें शाबूत, स्नायुही शाबूत. मेंदूच्या ज्या भागांतून त्यास आज्ञा सुटावयाची, तो भाग मात्र बहुधा रक्ताचा पुरवठा तुटल्यानें मृत झालेला असतो. आमच्या वडील बंधूंचा उजवा हात गेल्या वर्षीं असाच गेला. डाव्या हातानें जेवणें त्यांस जमत नाहीं असें नव्हे. मनास पटत नाहीं. तेव्हां मेंदूस चुंबकाचे ठोके दिल्यानें हात सुधारतो असें कोणीं सांगतांच, घरांत बँकेंतील ठेव मोडण्याच्या गोष्टी निघाल्या, यांत नवल तें काय?

या उपचाराचें मूळ शास्त्र निःसंशय खरें आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रापासून वीज उत्पन्न होते, हें फॅरेडेनें १८३१ सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर १९८५ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें बार्कर व त्यांचे सहकारी यांनीं डोक्यावर तारेचें वेटोळें धरून, कवटी न उघडतां व वेदना न होतां, हाताचे स्नायु हालवून दाखविले. पुढें अशी कल्पना निघाली कीं, मेंदूचे दोन अर्ध एकमेकांस आवरून धरतात. एक दुखावला कीं दुसरा त्यास वाजवीहून अधिक दाबतो. सेकंदास एक अशा संथ ठोक्यांनीं निरोगी बाजू थोडी शांत केली, तर दुखावलेल्या बाजूस सवड मिळेल.

कल्पना मोठी देखणी. परंतु देखणेपणा हा पुरावा नव्हे. अमेरिकेंतील १२ केंद्रांत १९९ रोग्यांवर तिची परीक्षा झाली व निकाल २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींस खरा उपचार, कांहींस नुसता देखावा. हाताचा व्यायाम मात्र सहा आठवडे सर्वांस सारखाच. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनीं पाहतां, खऱ्या उपचाराच्या गटांत शेंकडा ६७ जणांचा हात ठरलेल्या मापानें सुधारला होता. देखाव्याच्या गटांत शेंकडा ६५ जणांचा!

एवढ्यानें हा विषय संपला असें नाहीं. दुखणें ताजें असतां या ठोक्यांचा उपयोग होतो असें मानणारे तज्ज्ञ आहेत, आणि दुसऱ्या पद्धतींचा शोधही चालू आहे. परंतु दोन्ही गटांत तिघांपैकीं सुमारें दोघे सुधारले, आणि दोन्ही गटांस समान मिळाला तो व्यायाम, ही गोष्ट आम्हांस विसरतां येईना.

म्हणून ठेव मोडली नाहीं. डॉक्टरांच्या सल्ल्यानें व्यायाम शिकविणाऱ्या बाई रोज येतात. बंधु सकाळीं उजव्या हातानें पळी उचलण्याचा यत्न करितात; अर्धें पाणी ताम्हनांत, अर्धें धोतरावर. कोणीं चटकन् पुढें होऊन त्यांचा हात सांवरूं नये, एवढाच नियम आम्हीं केला आहे. घरांत सर्वांत जड जातें तें तो पाळणें.