लुक्ल्याला उतरशील तेव्हा

प्रिय भाचेबुवा,

परवा ताईचा फोन आला होता. एव्हरेस्ट बेस कॅम्पचं तुझं नक्की झालं म्हणे आणि हॉलमध्ये थर्मलपासून सुक्या मेव्यापर्यंत सगळा पसारा मांडलाय. सामानाची यादी ट्रेकवाल्यांनी दिलीच असेल, त्यात मी पडत नाही. मी एका माणसाबद्दल लिहितोय. 29 मे 1953, तेनझिंग आणि हिलरी, हे तू शाळेतच पाठ केलंयस, ते बाजूला ठेव. तेव्हा एडमंड हिलरी 33 वर्षांचा होता. त्यानंतर तो 54 वर्षं जगला, आणि मला विचारशील तर त्याची खरी गोष्ट तिथून पुढं सुरू होते.

हा माणूस न्यूझीलंडचा, धंद्यानं मधमाश्या पाळणारा. वडिलांच्या मधाच्या पेट्या तो आणि त्याचा धाकटा भाऊ रेक्स सांभाळायचे. एड डोंगरात गेला की सगळा भार रेक्सवर. अंगानं उंच, हाडापेरानं दणकट, पण लाजाळू इतका की एव्हरेस्ट चढून आला तरी लुईझ रोझला लग्नाचं विचारायची छाती होईना. ती सिडनीला व्हायोला शिकत होती. शेवटी तिच्या आईनंच फोन लावून लेकीला याच्या वतीनं मागणी घातली! 3 सप्टेंबर 1953 ला लग्न झालं. पुढं पीटर, सारा आणि बेलिंडा अशी तीन मुलं.

1960 च्या हिवाळ्यात तो पुन्हा खुंबूत, एव्हरेस्टच्या पायथ्याच्या शेर्पा मुलखात आला, तो उंचीवर शरीराचं काय होतं याच्या अभ्यासासाठी. सोबत येतीचा, म्हणजे हिममानवाचा शोध हेही एक लटांबर होतं. खुमजुंगच्या गोंपात (बौद्ध मठात) 'येतीची टाळू' म्हणून जपलेली एक वस्तू होती. ती गावानं उसनी दिली, पण राखणीला गावचे पुढारी खुंजो चुंबी बरोबर निघाले. शिकागो, पॅरिस, लंडन असा टाळूचा दौरा झाला आणि तज्ज्ञांनी निकाल दिला, की ही सेरो नावाच्या रानबकरीसारख्या जनावराच्या कातड्याची आहे. येती तिथंच संपला.

राहिली ती शाळा. तुमच्यासाठी काय करू, असं त्यानं शेर्पांना विचारलं, तर मागणी आली शाळेची. पैसा नाही, दवाखाना नाही, आधी शाळा. 1961 मध्ये खुमजुंगला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची एक खोली उभी राहिली. त्या पहिल्या पोरांतला मिंग्मा नोर्बू शेर्पा पुढं सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा वॉर्डन झाला. हिलरी नुसती देणगी देऊन मोकळा होणारा नव्हता. देशोदेशी भाषणं देऊन पैसे गोळा करायचे आणि मग स्वतः येऊन फळ्या वाहायच्या, खिळे ठोकायचे, असा त्याचा खाक्या. रेक्स पुढं घरं बांधायच्या धंद्यात गेला होता, तोही कितीतरी वेळा पदरमोड करून आला. शेर्पा एडला 'बुर्रा साहिब' म्हणत, म्हणजे आपला बडा साहेब. पण साहेबाच्या हातात बहुधा हातोडी.

आता लुक्ला. तू विमानात डोळे मिटून रामरक्षा म्हणत असशील तेव्हाही जमलं तर खाली बघ. खुंदेला हॉस्पिटल बांधायचं, तर सामान आणायला धावपट्टी हवी. आधी नदीकाठची सपाट जागा पाहिली होती, पण पिकती शेतं द्यायला शेतकरी तयार होईनात. मग ही उतरणीची जमीन घेतली. 1964 मध्ये झुडपं तोडली, धोंडे काढले, पण माती भुसभुशीतच राहिली. रोलर कुठून आणणार? हिलरीनं शेर्पांना छांग, म्हणजे तिथली घरगुती दारू पाजली आणि एकमेकांच्या हातात हात गुंफून नाचायला लावलं. त्यांच्या पायांनी माती चोपून बसली. पुढं पट्टीवर डांबर आलं, तरी तो उतार आजही तसाच आहे, साडेपाचशे मीटरसुद्धा लांबी नाही. हीच पट्टी नंतर गर्दीची वाट झाली. लॉज वाढले, जळणापायी जंगल तुटायला लागलं, आणि याची खंत त्याला स्वतःला होती. पट्टी बांधणाराच पुढं जंगल राखायच्या खटपटीत पडला. 1976 मध्ये सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झालं, त्याला न्यूझीलंडचा हातभार होता.

बायकापोरांना घरी ठेवून उंडारणारे डोंगरवेडे आपण खूप पाहिलेत. (तुझा मामा त्यातलाच, मामीला विचार.) हा मात्र सगळ्यांना घेऊन निघायचा. 1966 मध्ये, खुंदेचं हॉस्पिटल उभं राहिलं त्या वर्षी, अख्खं कुटुंब तिथं होतं. त्या मुक्कामावर लुईझनं 'अ याक फॉर ख्रिसमस' हे पुस्तक लिहिलं. मिळालं तर वाच.

31 मार्च 1975. हिलरी फाफलूला दुसरं हॉस्पिटल बांधत होता. लुईझ आणि सोळा वर्षांची बेलिंडा काठमांडूहून त्याच्याकडं निघाल्या. छोटं विमान उडाल्यावर लगेचच कोसळलं. कोणीच वाचलं नाही.

तो खचला. वर्षानुवर्षं खचलेला राहिला आणि ते त्यानं लपवलं नाही. तरी फाफलूचं हॉस्पिटल पुरं झालं. मला या माणसात सगळ्यात अवघड चढाई कुठली वाटते म्हणशील, तर तीच. ज्या कामापायी घर उजाडलं, त्या कामावर दुसऱ्या दिवशी हातोडी कशी उचलायची, हे मला कधी उमगलेलं नाही.

1977 मध्ये तो पीटरला घेऊन आपल्या गंगेवर आला. गंगासागरपासून जेटबोटींनी प्रवाहाविरुद्ध. वर डोंगरात उंची बाधली आणि याच बड्या साहेबाला बेशुद्धावस्थेत खाली आणावं लागलं. पुढं 1985 पासून चार वर्षं दिल्लीत न्यूझीलंडचा उच्चायुक्त होता. 1990 मध्ये पीटर एव्हरेस्टवर पोचला. 11 जानेवारी 2008 ला ऑकलंडला हिलरी गेला.

तर आता कामाचं. नाम्चेला हवा अंगवळणी पडावी म्हणून एक दिवस थांबवतील. पोरं त्या दिवशी कॅफेत बसून राहतात. तू खुमजुंगला जा. शाळेच्या आवारात त्याचा पुतळा आहे. तिथून खुंदेत शिर आणि गावावरच्या डोंगरधारेवर चढ. वर तीन चोर्तेन (स्मारकस्तूप) आहेत, एक त्याचं, एक लुईझचं, एक बेलिंडाचं. घाई करू नकोस, दम लागेल. डोकं दुखायला लागलं तर फुशारकी न मारता सरळ खाली यायचं, त्याचंही डोकं गंगेच्या उगमाकडं ऐकेना झालं होतं.

पाणी भरपूर पी. नाम्चेला रेंज मिळते, तिथून ताईला फोन कर, नाहीतर ती रोज मला करेल.

तुझा,
मामा