नो अंपायर, प्लीज!

न्यू जर्सीला जाणारे आपले लोक एडिसनची देशी दुकानं पाहून परत येतात. पुढच्या वेळी न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनवरून मेपलवूडची ट्रेन पकडा. साधारण पाऊण तासाचा प्रवास. बघायचं काय? कोलंबिया हायस्कूलचा पार्किंग लॉट! (शाळेच्या वेळेत नको.)

अल्टिमेट फ्रिस्बी इथे जन्मली. १९६८ मध्ये जोएल सिल्व्हर नावाच्या विद्यार्थ्याने स्टुडंट कौन्सिलपुढे थट्टेथट्टेत फ्रिस्बी टीमची टूम काढली आणि ती चक्क पास झाली. (हाच पुढे 'डाय हार्ड' आणि 'द मेट्रिक्स'चा निर्माता.) पोरं रात्री पार्किंगच्या दिव्यांखाली खेळायची. १९७० मध्ये शेजारच्या मिलबर्न हायस्कूलला त्यांनी ४३-१० असं धुतलंही.

खेळ सोपा. सात विरुद्ध सात, १७५ ग्रॅमची डिस्क. हातात आली की पळायचं नाही, एक पाय रोवून दहा सेकंदांत पास. सेकंद मोजतो समोरचा खेळाडूच, मोठ्याने! फाउल झाला तर ज्याला लागलं तो ओरडणार. समोरच्याला पटलं तर ठीक, नाहीतर 'कंटेस्ट' म्हणायचं. मग बहुतेक वेळा डिस्क पुन्हा थ्रो करणाऱ्याकडे जाते.

खरी मेख इथेच आहे. गल्ली क्रिकेटमध्ये ज्याचा आवाज मोठा, त्याचा निर्णय. इथे घसा फोडून हाती काय लागणार, तर तोच पास पुन्हा. त्यामुळे सगळे खेळाडू संत असायची गरज पडत नाही, असं आपलं माझं मत.

तरी एक जागा उरतेच. १४-१४, शेवटचा पॉइंट, डिस्क झेलून तुम्ही एंड झोनमध्ये उतरलात. पण अंगठा रेषेला लागला. रेषा एंड झोनमध्ये धरत नाहीत, म्हणजे पॉइंट नाही. बाकी कुणाला दिसलं नसेल, तर ते तुम्हीच सांगायचं! टीममेट्सची तोंडं पाहण्यासारखी होतात.

मॅच संपल्यावर दोन्ही टीम्स एकमेकींना 'स्पिरिट'चे मार्क देतात. पाच मुद्दे, प्रत्येकी शून्य ते चार. नियम माहीत होते का, धसमुसळेपणा केला का, बोलण्याची पद्धत कशी होती, वगैरे. त्याआधी खांद्यावर हात टाकून, आलटून-पालटून उभं राहून गोल करायचा आणि नुकत्याच झालेल्या भांडणावर बोलायचं.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन प्रोफेशनल लीगने मात्र सरळ रेफ्री नेमले. टीव्हीसाठी सोयीचं असेल. मेपलवूडच्या पार्किंगमध्ये त्याला उभं राहायला जागा मिळाली नसती.