ताई, तुमची ओळ काढली

प्रिय ताई,

रागावणार आहात हे धरूनच लिहायला बसलोय. परवा फोनवर तुम्ही सहज म्हणालात, "माझं खातं राहू दे रे, कधी रात्रीबेरात्री अडलात तर घरून बघता येईल." मी "बघतो" म्हणालो. माझं "बघतो" म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आज सकाळी ग्रिड-मॅपफाइल, म्हणजे कुणाला आत घ्यायचं त्याची यादी, उघडली आणि तुमची ओळ काढून टाकली.

दुसरं काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. ते पाहुणे प्राध्यापक आठवतात ना? निरोपाचे सामोसे अजून टेबलावर होते आणि तुम्ही आत जाऊन त्यांचं नाव यादीतून उडवलंत. रात्री ते हॉटेलवरून फाइल उतरवायला गेले तर प्रवेशच नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार थेट वरपर्यंत. "एवढी काय घाई होती?" असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "त्यांना चहाला रोज बोलवा ना, यंत्र कशाला द्यायचं?" मी तेव्हा नवा होतो. फार तुसड्या वाटला होतात मला.

आपलं ग्रिड ज्यावर चालतं त्या ग्लोबस टूलकिटच्या सुरक्षेवर पुस्तिकेत पानंच्या पानं होती आणि मी ती पाठ करत बसलो होतो. तुम्ही पुस्तिका मिटून म्हणालात, यंत्र दोनच गोष्टी विचारतं: तू कोण, आणि इथे तुझं काय काम? पहिल्याचं उत्तर प्रमाणपत्र देतं, ज्यावर बंगळुरूच्या सी-डॅकच्या प्रमाणन संस्थेची सही. दुसऱ्याचं उत्तर आपली ही साधी मजकुराची फाइल. सोसायटीचा वॉचमन आधार कार्ड बघून नाव मान्य करतो, पण कुठल्या फ्लॅटवर जायचंय ते सांगितल्याशिवाय आत सोडत नाही, तसं. एका ओळीत एक माणूस. आधी अवतरणचिन्हांत प्रमाणपत्रावरचं ते लांबलचक नाव, तिरप्या रेघांनी तोडलेलं: देश, संस्था, विभाग आणि शेवटी माणूस. मग मोकळी जागा आणि आपल्या यंत्रावरचं खातं. अवतरणचिन्हं द्यायची राहिली की नाव-आडनावामधल्या जागेवरच ओळ तुटते, हे तुम्ही किती जणांना किती वेळा सांगितलं असेल!

तुमची ओळ अगदी वर होती. व्हीआयमध्ये डी दोनदा दाबलं की ओळ जाते. पहिल्या डीवर जरा थांबलो, हेही सांगून टाकतो.

आणि त्या बारा तासांवरून आपलं किती वाजायचं! प्रॉक्सी म्हणजे प्रमाणपत्रावरून काढलेलं तात्पुरतं ओळखपत्र; तिची मुदत संपायची, पोरांची गणितं पहाटे मरायची आणि शिव्या मला खाव्या लागायच्या. "आठवडाभराची करू या ना," म्हणून मी मागे लागलो होतो. तुम्ही मला टेम्प डिरेक्टरीत नेऊन प्रॉक्सीची फाइल उघडून दाखवलीत. आत खाजगी किल्ली, वर पासफ्रेज नाही, राखण काय ती फाइलच्या परवानगीची. ज्याच्या हाती ती पडली तो मुदत संपेपर्यंत तुमच्या नावानं वावरणार. मग आठवडा हवा की बारा तास? पोरांसाठी तुम्ही मायप्रॉक्सी उभी करून दिलीत, लांबलेल्या कामाची प्रॉक्सी तिथून नवी होऊ लागली. मुदत मात्र तसूभर वाढवली नाहीत.

आपल्यातल्या एकाचा लॅपटॉप लोकलमध्ये गेला, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "प्रॉक्सी कधी केली होतीस?" तो बिचारा बॅगेतलं पाकीट शोधत होता. सकाळची आहे म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मग रात्रीपर्यंत मरेल." पण प्रमाणपत्राची मूळ किल्लीही त्याच लॅपटॉपवर होती. तिला पासफ्रेज होता, तरी प्रमाणपत्र रद्द करायचा अर्ज त्याला जेवायच्या आधी लिहायला लावलात.

दिवाळीनंतरचा तो सोमवारही तुमचाच. रद्द झालेल्या प्रमाणपत्रांची यादी क्रॉननं आणलीच नव्हती, जुनी यादी शिळी झाली, आणि टूलकिटनं त्या प्रमाणन संस्थेची सगळीच प्रमाणपत्रं नाकारली. विभागप्रमुखसुद्धा बाहेर. मी घामाघूम होऊन फोन केला तर तुम्ही हसलात. "नाकारतंय ना? मग नीट चाललंय." त्या वाक्याचा मला दिवसभर राग होता. आता नव्या मुलांना मी तेच ऐकवतो, तुमचं नाव न घेता.

तर ओळ गेली. तुमचं प्रमाणपत्र मात्र अजून जिवंत आहे. तुम्ही कोण हे आपलं यंत्र आजही मान्य करेल, फक्त आत घेणार नाही. पण त्या प्रमाणपत्रावर आपल्या संस्थेचं नाव आहे आणि तुम्ही आता संस्थेत नाही. रद्द करायचा अर्ज मी करावा अशी अपेक्षा असेल तर मी करणार नाही. लॅपटॉपवाल्याला जेवायच्या आधी बसवलंत, आता तुम्ही बसा. घरच्या जुन्या मशीनवरची किल्लीही पुसा. आहे ना तिथे? नाही म्हणू नका.

ग्लोबस टूलकिट बनवणाऱ्या मूळ मंडळींनी तिचा आधार 2018 च्या जानेवारीत काढून घेतला, तेव्हापासून आपण समुदायानं चालवलेल्या आवृत्तीवर रेटतोय. ग्रिडवाले आता प्रॉक्सी सोडून टोकनकडे वळलेत, आपणही वळणार. त्यासाठी जुनी सेटिंग्ज एकेक करून वाचतोय, आणि खरी तक्रार इथे आहे. पोर्टांची जी रेंज तुम्ही फायरवॉलमधून उघडून घेतली होती, तिच्यावर तुमची टीप आहे: "हात लावू नये." बस, एवढंच. का लावू नये? नेटवर्कवाले विचारतायत, मी काय सांगू? कुणालाही तिळाएवढी परवानगी देतानाही कारण लिहून घेणारी बाई स्वतःच्या टिपेत कारण लिहीत नाही, याला काय म्हणायचं?

रविवारी येतोय. कारण तोंडी सांगितलंत तर चालणार नाही, लिहून ठेवा. आणि अर्जही.

तुमचा,
तुम्ही ज्याला पहिल्यांदा रूटचा पासवर्ड द्यायला नकार दिलात तो